धरलेली जागा

नाही गं, डावीकडून! चढताना डावीकडून, उतरताना उजवीकडून, आणि जिन्याचा मधला भाग कुणाचाच नाही — म्हणजे वरच्या वर्गांचा. ते कुठूनही चढतात, कुठूनही उतरतात, त्यांना कुणी काही बोलत नाही. तुला बोलतील. आणि बॅग पाठीवर नको, पुढे घे, पोटावर — हसू नकोस, पहिला महिना सगळे नवीन असेच फिरतात, गाठोडं पोटाशी धरून. पाठीवर असली ना की गर्दीत मागून कुणीतरी खेचतं, आणि तू वळून बघावंस तर मागे दहा चेहरे, सगळेच्या सगळे गरीब गायी. विचारणार कुणाला? — काय म्हणालीस? नाही, त्याच्या आधी काय म्हणालीस? 'ताई, हळू चाल ना'? बरं. चालते हळू. म्हण तू ताई, माझं काही नाही, आजच्या दिवस सगळ्या नवीन मुली शाळा दाखवणारीला ताईच म्हणतात. मला फक्त सवय नाही. घरी मी एकटीच, थोरलीही मीच आणि शेंडेफळही मीच. परत म्हण बरं एकदा. — नको, जाऊ दे, चल.

हे बघ, मी तुला सगळं खरं सांगणार आहे, मोठ्या बाईंसारखं नाही. सकाळी त्या म्हणाल्या ना, आपली शाळा म्हणजे एक मोठं कुटुंब — असेल, पण एवढ्या मोठ्या कुटुंबात कुणाला कुणाचं नाव ठाऊक नसतं. छोट्या शाळेत शेवटच्या वर्षी तू सगळ्यांत मोठी होतीस ना? बारकी मुलं तुझ्याकडे मान वर करून बघायची, बाई तुला खडू आणायला पाठवायच्या, दारात उभी राहून तू 'रांगेत चला रे' म्हणून ओरडायचीस — होय ना? आम्हीही ओरडायचो. आणि एक सुट्टी संपते न संपते तोच परत सगळ्यांत बारकी! इथे कुणी मारत नाही हं, केस ओढत नाही, डोकं नळाखाली धरत नाही, घरी कुणी तसलं काही सांगून घाबरवलं असेल तर ते आधी डोक्यातून काढून टाक. माझ्या मामेभावाने मलाही सांगितलं होतं, मी आठवडाभर नळाजवळून गेले नाही. तसं काही नाही. फक्त कुणी बघत नाही. तू वर्गात येतेस, कुणी बघत नाही. जातेस, कुणी बघत नाही. एवढंच. सवय होते.

आता हा तुमचा वर्ग. बघून घे, पण जीव लावू नकोस, कारण इथे फक्त हजेरी होते. मग घंटा झाली की उचल बोचकं आणि पळ. विज्ञानाला खाली, चित्रकलेला पार मागच्या इमारतीत, गणिताला याच मजल्यावर पण त्या टोकाला. छोट्या शाळेत एक बाई सगळं शिकवायच्या, दुपारपर्यंत त्यांना कळायचं की आज हिचं पोट दुखतंय, आज ही रडून आलीय. इथे दर तासाला नवीन बाई, नवीन सर. त्यांना तुझं पोट कळायच्या आत तास संपतो. पण माणसं वाईट नाहीत. गणिताच्या सरांना सगळे 'बरोब्बर' म्हणतात, कारण तू चुकलीस तरी ते 'बरोब्बर' म्हणूनच सुरुवात करतात — 'बरोब्बर, आता कुठे चुकलीस ते बघू.' विज्ञानाच्या बाई म्हणजे 'पुन्हा'. उत्तर आलं तरी पुन्हा, नाही आलं तरी पुन्हा. आणि खेळाचे सर 'शिट्टी'. ते वर्गात सुद्धा शिट्टी वाजवतात, एकदा शोकसभेत वाजवली होती, चुकून, सगळ्यांना उभं करायचं होतं म्हणून — हो, खरंच! हसलीस. तू हसलीस की तुझ्या गालाला इथे खळी पडते, ठाऊक आहे तुला? असणारच म्हणा. कुणीतरी सांगितलं असेलच.

पहिले पंधरा दिवस तू हरवणार. हे लिहून घे — लिहू नकोस गं, तसं म्हणतात. हरवणार म्हणजे हरवणार, घोडं तिथेच अडतं सगळ्यांचं. चुकीच्या वर्गात जाऊन बसशील, हजेरी सुरू होईल, तुझं नाव येणारच नाही. तेव्हा गप उठायचं आणि बाहेर यायचं. पुस्तकं जड होतील, गृहपाठ एकाच दिवशी चौघे देतील, कारण त्या चौघांना एकमेकांचं ठाऊक नसतं. बाकी अभ्यासाचं म्हणशील तर जमतं. मला जमलं तर तुला का नाही? अभ्यास हा इथला अवघड भाग नाहीच. मोठ्या बाई सकाळपासून तेच सांगतायत, अभ्यास, शिस्त, वेळ — अवघड आहे ते डब्याच्या सुट्टीत. ते मी तुला तिथेच गेल्यावर सांगते, हॉलमध्ये. तू बसशील ना माझ्याशेजारी? नाही, बसलंच पाहिजे असं नाही. पण मी जागा ठेवलीय.

आणि अगं, खरं तर — सांगून टाकते, नाहीतर दुसरी कुणी सांगेलच — तुझी ताई मी नव्हते. तुझी ताई आमच्या वर्गाची मॉनिटर होती, ती उंच, जिचा आवाज फळ्यापर्यंत जातो. ज्या मुली सगळ्यांशी बोलतात त्यांनाच नवीन मुलींच्या ताया करतात, बरोबरच आहे. मीही हात वर केला होता. बाई इकडून तिकडे बघत गेल्या, माझ्यावरून नजर गेली सुद्धा, पण थांबली नाही. मग आज सकाळी मॉनिटरला ताप आला. बाई म्हणाल्या, "अगं, तू जा हिच्याबरोबर — तू — अं —" आणि त्यांना माझं नाव आठवेना. वर्षभर हजेरी घेतलीय त्यांनी माझी. मग म्हणाल्या, "तू गं, खिडकीजवळची." पडत्या फळाची आज्ञा! मी अशी धावले की वहीच बाकावर राहिली. त्यामुळे तुझी फसगत झाली असं वाटत असेल तर सांग, मी बाईंना सांगते, दुसरी कुणी मिळेल. — नाही? नक्की? बरं.

चल, इकडून, नळाच्या बाजूने. हे तीन नळ. मधल्याचं पाणी गार येतं, डावा बंद आहे. सुट्टीत इथे दोनदा यायचं. पहिल्यांदा डब्याच्या आधी, दुसऱ्यांदा डबा झाल्यावर. तहान लागली नसली तरी. म्हणजे मी येते — जाणं-येणं, रांगेत उभं राहणं, हात धुणं, त्यात वेळ बरा जातो. रांगेत असलं की माणूस एकटं दिसत नाही, रांगेत दिसतं. समजलं ना? आणि हे वाचनालय. वाचनालयाच्या बाई दारावरच्या पाटीवर 'शांतता' लिहितात आणि स्वतः फोनवर बोलतात, पण सुट्टीत आत येऊ देतात. पुस्तक उघडून बसायचं, वाचलं नाही तरी चालतं, पान मात्र मधूनमधून उलटायचं. मी त्यात फसले होते. अर्धा तास एकच पान, मग बाई जवळ येऊन म्हणाल्या, "बाळ, चष्मा लागलाय का तुला?" आता मी वाचतेच. वाचायची सवय लागली त्यातून, तेही काही वाईट नाही झालं. गोष्टीतल्या लोकांना नावं लक्षात राहतात एकमेकांची.

हे कोण? हे घंटेचे मामा. नमस्कार मामा! — बघ, हात केला. मला ओळखतात. इथे काही अडलं, बॅगेचा पट्टा तुटला, बरं वाटेनासं झालं तर सरळ यांच्याकडे यायचं. मी रोज यांना वेळ विचारते. हो, समोर एवढं मोठं घड्याळ आहे, ते दिसतं मला. पण विचारायची. "मामा, किती वाजले?" मग ते म्हणतात, "घंटा व्हायला अवकाश आहे पोरी." कधी म्हणतात, "घंटा मीच देणार, मला न विचारता कुठे जाते?" दिवसातलं एवढं बोलणं झालं की — तू अशी काय बघतेस माझ्याकडे? तुझ्या उपयोगाचं सांगतेय मी. आज तुला नाही वाटणार, पण एखाद्या दिवशी असं होतं की सकाळपासून तोंड उघडलेलंच नसतं, आणि मग एकदम शिक्षकांनी काही विचारलं की आवाजच घोगरा येतो, सगळे हसतात. म्हणून आधी कुणाशी तरी थोडं बोलून घ्यायचं. मामांशी बोललं की गळा मोकळा होतो.

आणि शिट्टी सर. त्यांच्या तासाला एक गोष्ट फार जपायची. ते मैदानावर उभे राहतात, शिट्टी मारतात आणि म्हणतात, "जोड्या!" बस्स. जोड्या! म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत ज्याने त्याने आपापल्या माणसाचा हात धरायचा. आमच्या वर्गात मुली विषम आहेत. आता गणित 'बरोब्बर' सरांनाही सुटेल — एक उरते. उरली की सर म्हणतात, "अरेरे, कुणी राहिलं का? ये, माझ्याबरोबर ये," आणि मग चेंडू सरांबरोबर झेलायचा, सगळ्यांच्या समोर. सर मनाने चांगले आहेत, पण तो चेंडू काही संपत नाही. म्हणून मी काय करते, बुटाची नाडी आधीच सोडून ठेवते. शिट्टी झाली की खाली वाकायचं, नाडी बांधत बसायचं. मग वर उठेपर्यंत जोड्या झालेल्या असतात, आणि दिसताना असं दिसतं की नाडीमुळे राहिली. कुणी घेतलं नाही म्हणून नव्हे. नाडीमुळे. एकदा सर म्हणाले, "तुला चिकटपट्टीचे बूट घ्यायला सांग गं आईला!" छे, ते घेतले तर मी बुडालेच. — तुला नाही लागणार हे. तू ते लक्षात नाही ठेवलंस तरी चालेल. तुझी खळी बघून कुणीही हात धरेल तुझा.

हां. आला हॉल. थांब, एकदम आत घुसू नकोस. आधी दारातून बघ. लांब टेबलं, दोन्हीकडे बाक. आता ऐक, हेच ते, मी म्हणाले होते ना. इथे जागा कुणाच्या नावाच्या नाहीत, बाई म्हणतात कुठेही बसा. पण तसं नसतं. पहिल्या दिवशी जी जिथे बसते, ती तिथे वर्षभर बसते. कुणी ठरवलेलं नाही, पण कुणी मोडतही नाही. उद्या येशील तर तुझी जागा तुझी वाट बघत असेल, परवाही असेल, आणि एखाद्या दिवशी दुसरीकडे बसायला गेलीस तर तिथली मुलगी अशी बघेल की जणू तू तिच्या पलंगावर झोपायला आलीस. म्हणून आजचा दिवस. आजचा डबा. बाकी सगळं चुकलं तरी नंतर निस्तरता येतं, हे नाही येत.

ये, इकडे. हे खिडकीजवळचं. कोपऱ्याची ही माझी जागा आणि ही — बस ना. बॅग उचलते मी, थांब. बस. हं. — कसं वाटतंय? खिडकीतून वारा येतो बघ. ही सगळ्या हॉलमधली सगळ्यांत चांगली जागा आहे, मी उगाच नाही म्हणत, मी पळत येऊन धरली होती, पहिल्याच दिवशी. माझ्यासाठी आणि चिमणीसाठी. चिमणी म्हणजे — तिचं खरं नाव वेगळं आहे, पण छोट्या शाळेत पहिल्या दिवसापासून आम्ही तिला चिमणीच म्हणायचो. एकाच गल्लीत घर, एकाच बाकावर बसणं. आमचं ठरलेलं होतं: जी आधी सुटेल तिने जागा धरायची. कुठेही. नाटकाला, सहलीच्या बसमध्ये, डब्याला. तिचा वर्ग आधी सुटला तर तिने, माझा आधी सुटला तर मी. इथे आम्हाला वेगळ्या तुकड्या मिळाल्या, ती अ, मी ब. आम्ही रडलो नाही. म्हटलं, डबा तर एकत्र खाऊ. तर पहिल्या दिवशी आमचा वर्ग आधी सुटला. मी अशी पळाले, अशी पळाले की उजवीकडून जिना चढले का डावीकडून उतरले काही कळलं नाही, आणि ही जागा धरली. या जागेवर बॅग ठेवली.

मग एक मुलगी आली. "इथे कुणी आहे?" मी म्हटलं, "हो, आहे." मोठ्या रुबाबात म्हटलं. मग दुसरी आली, तिच्या डब्याला गुलाबी झाकण होतं, ती म्हणाली, "मी बसू का?" मी म्हटलं, "नाही गं, माझी मैत्रीण येतेय." ती म्हणाली, "सॉरी." अजून एक आली, तिलाही तेच. सगळीकडच्या जागा भरत गेल्या. मग चिमणी आली. तिच्या तुकडीतल्या मुलींबरोबर, हसत हसत, मध्येच कुणाच्या तरी खांद्यावर हात. मला बघितलं तिने. बघितलं ना, नाही कशाला म्हणू — हात सुद्धा केला. असा, वर करून. आणि त्यांच्याबरोबर तिकडे बसली, त्या पलीकडच्या टेबलावर. तिची काही चूक नाही. तिला वाटलं असेल उद्या बसू. किंवा तिला वाटलं असेल माझ्या शेजारी कुणीतरी आहे. बॅग होती ना.

तू विचारतेयस, मग बॅग का नाही उचलली. बरोबर विचारतेयस. उचलायला काय झालं होतं? हात होते, बॅग होती. पण मी सगळ्यांना सांगून बसले होते गं, कुणीतरी येतंय म्हणून. बॅग उचलली असती तर सगळ्यांना कळलं असतं की कुणी येणार नव्हतं. म्हणून राहू दिली. मधूनमधून दाराकडे बघत राहिले, उशीर झालाय तिला असं दाखवत. दुसऱ्या दिवशी ठरवून आले की आज नाही ठेवायची बॅग, आज जी येईल तिला म्हणायचं, बस. नाही ठेवली. पण कुणी आलंच नाही. सगळ्यांना ठाऊक होतं ना, इथे कुणीतरी बसतं म्हणून. आणि रिकामी जागा शेजारी घेऊन बसणं — ते बॅगेपेक्षा वाईट दिसतं. मग तिसऱ्या दिवशी परत ठेवली. तेव्हापासून ही जागा धरलेलीच आहे. एकदा तर त्या गुलाबी झाकणवालीने नळावर विचारलं, "तुझी मैत्रीण बरी आहे का आता?" म्हणजे तिने मनानेच ठरवलं होतं की आजारी आहे. मी म्हटलं, "हो, बरी आहे." काय म्हणणार? हसावं का रडावं तेच कळेना. आता दुसरं वर्ष, तुकडी तीच, टेबल तेच, त्याच मुली. आज सकाळी वाटलं होतं, नवीन वर्ष आहे — पण पहिला दिवस असला तरी आमचा पहिला नाही ना.

खा ना तू, बोलत काय बसलेय मी. उघड डबा. ब्रेड आहे? छान. हळू खा. भराभरा खाल्लंस तर पुढे सुट्टी केवढी तरी उरते. आधी ब्रेडच्या कडा, मग मधलं. केळं असेल तर शेवटी ठेवायचं, सोलण्यात वेळ जातो. — हो, दोन आहेत. माझ्या डब्यात सगळं दोन-दोन असतं. दोन केळी, ब्रेडचे दोन वाटे, उकडलेली अंडी दोन. आई देते. म्हणजे झालं काय, पहिल्या दिवशी घरी गेले, आई दारातच विचारते, "काय गं, डबा कुणाबरोबर खाल्लास?" मी म्हटलं, चिमणीबरोबर. दुसऱ्या दिवशी तेच. आई खूश. तिला तीच एक काळजी होती, पोरीला मोठ्या शाळेत करमेल की नाही. चिमणीचं घर त्याच वर्षी गल्लीतून हललं, तिची आई भेटत नाही, म्हणून खपून गेलं. मग आई म्हणाली, "तिच्यासाठीही देत जाते थोडं, तिची आई कामावर लवकर जाते." झालं! तेव्हापासून दोन केळी. आणि घरी न्यायची सोय नाही, आई विचारेल. म्हणून मीच दोन्ही खाते. केळ्याचा मला आता कंटाळा आलाय, सांगू का तुला. मध्यंतरी आई म्हणायला लागली, "अगं तिला एकदा घरी तरी आण." मी म्हटलं, तिला कुत्र्याची भीती वाटते. आई म्हणते, "आपल्याकडे कुठे कुत्रा आहे?" मग मी म्हटलं, शेजाऱ्यांच्या. तर आईने शेजारच्या काकूंना जाऊन विचारलं, रविवारी कुत्रा बांधून ठेवाल का म्हणून! बघ आता. खोटं कसं अंगाशी येतं. काकू म्हणाल्या, ठेवू की. आता दर रविवारी आई विचारते आणि दर रविवारी चिमणीला काहीतरी काम निघतं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुला का सांगितलं काय माहीत. तू गप्प बसून ऐकतेस, त्यामुळे माणूस वाहवत जातो. — हे घे, हे तुझं. खरंच घे. दुसरं केळं तुझं. पहिल्यांदा कुणीतरी — राहू दे, खा.

आणि ऐक ना, मी काय म्हणत होते. उद्यापासून तू — म्हणजे तुझ्या वर्गाची सुट्टी आणि आमची सुट्टी एकच असते, मी बघितलंय वेळापत्रकात, बाहेर लावलंय. तू जिन्याने उतरशील, मी नळाजवळ थांबेन. किंवा तू थेट इथे ये, मी जागा धरतेच. तशीही धरतेच. मग खाऊन झालं की तुला वाचनालयातलं एक निळं पुस्तक दाखवेन, आणि रविवारी तू घरी आलीस तर आईला सांगता येईल, हीच ती — नाही, तसं नाही सांगणार, तू चिमणी कशाला, तू तू आहेस. आईला काय, कुणीही आलं तरी ती — तिला फक्त बघायचंय कुणीतरी. तुला कुत्र्याची भीती नाही ना वाटत?

तू कुणाकडे बघतेयस? कोण? ती? चष्मेवाली, लाल रिबिनीची? तुमच्या वर्गातलीच दिसते. हजेरीला तुझ्या पुढच्या बाकावर होती ना? तुलाच हात करतेय ती. तुलाच, मागे कुणी नाही, मागे भिंत आहे. बघ, बाकावर हात थोपटतेय. जागा धरलीय तिने तुझ्यासाठी. बॅग ठेवून.

नाही, मी कुठे काय म्हणाले? मी काहीच म्हणाले नाही. खा तू. केळं खा.

तिला दुसरी कुणीतरी विचारतेय बघ. ती नाही म्हणाली. मान हलवली, बघितलंस? 'नाही, माझी मैत्रीण येतेय' म्हणाली असेल. अशीच मान हलवायची असते. आता आणखी कुणी विचारलं की पुन्हा हलवेल. मग कुणी विचारणार नाही.

ए. ऊठ.

ऊठ म्हणतेय ना. डबा बंद कर, झाकण नीट लाव, सांडेल. — माझ्याबरोबर बसायचंय? तू गोड आहेस गं, पण तुला कळत नाही. मी काय सांगितलं दारात? आज जिथे बसशील तिथे वर्षभर. मी वरच्या वर्गातली, पुढच्या वर्षी आमची सुट्टी वेगळी होते, मग तू इथे एकटी बसशील, खिडकीशी, शेजारी बॅग घेऊन. आणि तिकडे तोवर सगळ्या जागा — आणि ती चष्मेवाली. तिचा हात बघ, अजून बाकावरच आहे. दुखत असेल. — नाही, मला वाईट नाही वाटणार. मला कशाला वाईट वाटेल? मला सवय आहे, आणि मला इथे आवडतं, वारा येतो.

हे बघ, लाड पुरे. इथे बसता नाही यायचं तुला. ही जागा धरलेली आहे. हो, कुणीतरी येणार आहे. येईलच ती, तिला नेहमीच उशीर होतो. तू बसलीस तर ती कुठे बसेल? — केळं ने बरोबर, अर्धं तिला दे. आणि जाताना टेबलांच्या मधून जा, भिंतीकडून नको, तिकडे सांडलेलं असतं. डावीकडून जा.

जाता जाता माझी बॅग तेवढी दे इकडे. हं. नको, हातात नको. जागेवर ठेव. — जा.